पॅकिंगमधल्या बायका सोंग करत नव्हत्या

"कारखान्यात नर्स म्हणजे काय हो? बोटांना पट्ट्या बांधायच्या ना?" असं मला आजवर इतक्या जणांनी विचारलंय की आता मी वाद घालत नाही. हो, पट्ट्याच बांधायच्या. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा मुलुंडला आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात मी पट्ट्या बांधायला लागले. आमच्याकडे टाचण्या, सेफ्टी पिना आणि केसांचे आकडे तयार होत. त्यामुळे बोटांना तोटा नव्हता. सकाळी भोंगा झाला की मी स्टोव्हवर सुया आणि पिचकारी उकळायला ठेवायची, आयोडीनची बाटली पुसायची आणि रजिस्टर उघडायची. नाव, खातं, तक्रार, उपाय असे चार रकाने. मंगळवारी आणि शुक्रवारी डॉक्टर सबनीस दोन तास येत. बाकीचे दिवस कारखान्याच्या तब्येतीची मालकीण मीच.

आयोडीनच्या बाटलीइतकंच उपयोगी पडणारं आणखी एक औषध माझ्याकडे आहे, हे मला पहिल्या सहा महिन्यांत कळलं. आमच्या फोरमन राण्यांचं डोकं दुखायचं. आमच्याकडे डोकेदुखीचं एक लाल मिक्श्चर होतं. लाल रंग संपला म्हणून एकदा मी तेच पिवळ्या रंगात बनवलं. औषध तेच, मापं तीच. तासाभरात राणे परत.

"सिस्टर, हे पिवळं फुकट आहे. आपलं लालवालं द्या."

लाल रंग आणवला, मिक्श्चर दिलं. राणे दहा मिनिटांत शीळ घालत मशीनवर. तेव्हा मी खूप हसले. राणे भोळा, असं वाटलं. आज सांगते, राणे भोळा नव्हता. यंत्राचा आवाज ऐकून कुठला दात झिजलाय ते सांगणारा माणूस होता तो. भोळी मी होते. मला वाटत होतं, असं होतं ते फक्त दुसऱ्यांना.

आता पॅकिंग खात्याची गोष्ट. ती तीन-चार प्रकारांनी सांगितली जाते आणि सगळ्या प्रकारांत बायकांना वेड्या किंवा लबाड ठरवतात. म्हणून मी लिहायला बसले आहे.

पॅकिंग पहिल्या मजल्यावर होतं. चाळीसेक बायका लांब बाकांवर समोरासमोर बसून छापील कागदावर टाचण्या ओळीने टोचत. खात्याच्या कोपऱ्यात एक कोनाडा होता. त्यात देवीची तसबीर आणि तेलाचा दिवा. दिवा लावायचं काम चंपाबाईंचं. चंपाबाई म्हणजे खात्यातली सगळ्यांत जुनी बाई. रत्नागिरीकडच्या, आवाज असा की भोंगा बिघडला तरी चाललं असतं. जोगळेकरसाहेब नवे मॅनेजर म्हणून आले. खात्यातून फिरताना त्यांनी कागदाच्या गठ्ठ्यांशेजारी जळणारा दिवा पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी तसबीर, दिवा सगळं हलवून कोनाडा चुन्याने बुजवून टाकला. साहेबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कागदाला आग लागली असती तर खाली उतरायला जिना एकच होता. पण त्यांनी कुणाला विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. सोमवारी बायका कामावर आल्या तर तिथे पांढरी भिंत.

गुरुवारी दुपारी पार्वती गावडे बाकावरून खाली पडली.

पारू मालवणकडची, विशीची, काटक. तिला खाली दवाखान्यात आणली तेव्हा दातखीळ बसलेली, हातांच्या मुठी वळलेल्या. मी नाकाशी अमोनिया धरला. शुद्धीवर आली.

"काय झालं गं?"

"माका गरगरला. वास इलो कसलोतरी. मगे काय ठावक नाय."

नाडी ठीक, ताप नाही, पाळीचं काही नाही. मी रजिस्टरात सगळं व्यवस्थित लिहिलं. तेवढ्यात वरून आरडाओरडा. आणखी दोघी. शुक्रवारी पाच. पुढच्या मंगळवारी अकरा जणी. दवाखान्यात खाट एक, म्हणून मी सतरंज्या अंथरल्या. पहिल्या दोन-तीन नावांपुढे मी अर्धं पान भरून लिहिलं होतं. मग हात दमला. पुढच्यांच्या रकान्यात मी एकच शब्द लिहायला लागले : 'तेच.'

कारखान्यात तीन मतं झाली. बायका म्हणाल्या, देवी कोपली. राणे म्हणाले, कागदाच्या नव्या खळीला वास आहे, विषारी असेल. जोगळेकरसाहेब म्हणाले, नाटक आहे, चंपाबाईने शिकवलंय. डॉक्टर सबनीसांनी खळ बदलायला लावली. पहिल्या सात-आठ जणींना छाती, पोट, डोळे सगळं तपासलं. काही सापडलं नाही. खळ बदलूनही भोवळी थांबल्या नाहीत.

डॉक्टर साठीचे होते. विलेपार्ल्याला राहत, खिशात नेहमी भाजलेले शेंगदाणे. त्या मंगळवारी संध्याकाळी आम्ही दोघं दवाखान्याच्या मागच्या पायरीवर उभे होतो. कारखान्यामागे डोंगर आणि त्याच्यामागे नुसतं जंगल. तिथली माकडं आमच्या कुंपणाशी चिंचेवर येत. दहा-बारा माकडं चिंचा खात होती. एकदम एक माकड खोकल्यासारखं ओरडलं आणि सगळी क्षणात शेंड्यावर. पिल्लंसुद्धा.

"बिबट्या?" मी विचारलं.

डॉक्टरांनी खाली बघितलं. "तो बघा बिबट्या." कुंपणावर वाळत घातलेलं एक पोतं वाऱ्याने फडफडत होतं.

"वेडीच आहेत," मी म्हटलं.

"वेडी? जे माकड म्हणालं असेल, 'थांबा, आधी मी स्वतः खात्री करतो,' त्याला बिबट्याने केव्हाच खाल्लं. त्याला पिल्लं झाली नाहीत. ही जी झाडावर दिसतायत ना, ती सगळी न विचारता पळालेल्यांची पोरं. आणि सिस्टर, यांची आणि आपली खापरपणजी एकच."

"म्हणजे पारू पडली म्हणून बाकीच्या..."

"बाकीच्यांनी ठरवून केलं नाही. एक ओरडली, अंगाने ऐकलं. डोक्याला विचारायला अंगाला वेळ नसतो."

मी म्हटलं, "आणि देवीचं काय? ती कुठून आली मध्ये?"

"गवत हललं. वारा असेल नाहीतर वाघ असेल. वारा समजून बसून राहिलेले संपले. उरलो आपण, हलणाऱ्या प्रत्येक गवतामागे कुणीतरी आहे असं वाटणारे. मग आजारामागे कुणीतरी, पावसामागे कुणीतरी."

"पण डॉक्टर, कुणीतरी आहे असं वाटलं की माकड पळतं. माणूस हात जोडतो. ते कसं?"

त्यांनी शेंगदाण्याची सालं फुंकली. "ते मला ठाऊक नाही," म्हणाले.

मला ठाऊक आहे असंही नाही. पण त्या प्रश्नावर मी पुढे खूप विचार केला आणि माझं मत बनलं. ते मी माझ्या जबाबदारीवर लिहिते. तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर आई हात ठेवते. हातात औषध नसतं. तरी पोर निजतं. जे पोर आईच्या हातावर विश्वास टाकून निजलं त्याला विश्रांती मिळाली, ते जगलं. तिथे जाऊ नको, हे खाऊ नको, असं आईने सांगितलं आणि ज्याने निमूट ऐकलं, ते जगलं. आपण भिऊन पळालेल्यांची पोरं आहोत, तशी विश्वास टाकून निजलेल्यांचीही आहोत. आई म्हातारी होते, मरते. तो कपाळावरचा हात मात्र माणसाला जन्मभर हवा असतो. मग तो वर कुठेतरी शोधतो. यात हसण्यासारखं काय आहे, ते मला कुणीतरी समजावून सांगावं. आमच्या इमारतीत दोन-तीन विद्वान आहेत, ते देवळात जाणाऱ्यांना हसतात आणि डॉक्टरने नुसतं 'काही नाही, बरं वाटेल' म्हटलं की त्यांचं पोट दुखायचं थांबतं. त्यांनाही मी हे ऐकवलेलं आहे.

असो. डॉक्टर म्हणाले, "अंगाने ऐकलंय, तर अंगालाच सांगू या." त्यांनी मला एक उपाय सुचवला. इंजेक्शनच्या शुद्ध पाण्याच्या कुप्या आमच्याकडे होत्या. ते पाणी टोचायचं आणि ठामपणे सांगायचं, हे भोवळीवरचं जालीम औषध आहे.

मी टोचलं. इतक्या ठामपणे सांगितलं की मलाच खरं वाटलं. बुधवार, गुरुवार एकही भोवळ नाही. मी राण्यांसमोर मिरवले. शुक्रवारी सोळा पडल्या. कारण साधं होतं, ते चंपाबाईंनी मला तोंडावर सांगितलं : "बाय, तू सुया टोचत्येस म्हणजे रोग खराच आहे ना!"

तेव्हा मी सुई खाली ठेवली आणि वर खात्यात जाऊन बसले. दोन दिवस नुसती बसले. हातात कागद, टाचण्या टोचत. आणि मला दिसलं. पडणाऱ्या सगळ्या जणींना पारूचा बाक दिसत होता. खांबाच्या पलीकडे आठ जणी बसत, त्यांना खांब आडवा येत होता. त्यातली एकही पडली नव्हती. तीच खळ, तोच वास, तीच देवी. फरक फक्त खांबाचा.

मी राण्यांना म्हटलं, "बाक फिरवा. सगळ्यांची तोंडं खिडकीकडे. कुणाला कुणाचं तोंड दिसता कामा नये."

"साहेबांना विचारू?"

"विचारलंत तर ते नाही म्हणतील. मग फिरवूनही उपयोग नाही, तुमचीच नोकरी जाईल. न विचारता फिरवा, नाव माझं सांगा."

राण्यांनी जेवणाच्या सुट्टीत बाक फिरवले.

देवीचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी चंपाबाईंच्या अंगात आलं. केस मोकळे, घुमणं सुरू. बायकांनी काम सोडून भोवती कोंडाळं केलं. मी त्यातून वाट काढून आत गेले आणि हात जोडले. खोटे नाही जोडले. चाळीस बायका जिच्यापुढे हात जोडून उभ्या आहेत तिथे आपण हाताची घडी घालून उभं राहावं, इतकी मी शहाणी नव्हते आणि नाही.

"माझा दिवा कुणी काढला?" चंपाबाई गरजल्या.

"साहेबांनी काढला, आई. कागदाला आग लागली असती तर तुझ्याच लेकी जळाल्या असत्या."

घुमणं चालू.

"दिव्याच्या जागी फूल चालेल का? रोज ताजं. आणि तसबीर खिडकीशेजारी, उजेडात."

चंपाबाईंनी एक डोळा किंचित उघडला, असं राणे पुढे सांगत. मी पाहिलं नाही. थोडा वेळ गेला आणि आवाज आला, "लाल फूल."

"लाल," मी कबूल केलं.

चंपाबाई खाली बसल्या, पाणी प्यायल्या आणि दहा मिनिटांनी टाचण्या टोचायला लागल्या. तसबीर मी स्वतः जाऊन स्टोअरमधून आणली आणि खिडकीशेजारी टांगली. पुढच्या आठवड्यात भोवळी थांबल्या. एक सोडून. लीला शिर्के म्हणून एक मुलगी होती, ती अजूनही पडत होती.

मला वाटलं, संपलं. जोगळेकरसाहेबांना वाटलं, पुरावा मिळाला. त्यांनी मला बोलावलं. "सिस्टर, बाक फिरवल्याने कुठला रोग बरा होतो? म्हणजे नाटकच होतं. पार्वती गावडेने सुरू केलं, चंपाबाईने चिथावलं आणि ती लीला शिर्के अजूनही ऐकत नाही. या तिघींना काढायचं आहे. शुक्रवारी हेड ऑफिसातून दोघं येतील. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की या बायका आजारी नव्हत्या, सोंग करत होत्या."

"आजारी नव्हत्या एवढं लिहीन. सोंग करत होत्या असं लिहिणार नाही."

"दोन्हींत फरक काय?"

"तो मी शुक्रवारी दाखवते."

तसं बोलून तर आले, पण दाखवायचं कसं ते माहीत नव्हतं. पारू दवाखान्याच्या दाराशी उभी होती. तिला बातमी लागली होती. "सिस्टर, देवाशप्पत सांगतंय, मी सोंग करूक नाय. माजो भाव गावाक आसा, म्हातारी आसा. नोकरी गेली तर मी खंय जाव?" मी तिला आत बसवून चहा दिला.

शुक्रवारी ऑफिसात टेबलापलीकडे साहेब आणि हेड ऑफिसचे दोघे गृहस्थ. एकाच्या अंगावर पांढरा कोट, दुसऱ्याच्या डोक्याला चापून तेल. बाजूला डॉक्टर सबनीस. मला बसायला सांगितलं. मी उभीच राहिले.

"आधी एक सांगते," मी म्हटलं, "कालपासून पॅकिंगमध्ये उवा झाल्यात. फार. मोठ्या काळ्या. एकीच्या डोक्यातून खांद्यावर, खांद्यावरून बाकावर. काल साहेब खात्यात बराच वेळ उभे होते आणि आज सकाळी हे दोघंही फिरून आले. त्या कपड्यात शिरतात, कॉलरखाली जाऊन बसतात आणि मग मानेवरून वर चढतात. डॉक्टरांकडून औषध घेऊन ठेवा."

मग मी रजिस्टर उघडलं आणि भोवळींची हकीकत वाचायला लागले. सावकाश. तारीख, नाव, नाडी. तेल लावलेल्या गृहस्थांनी कानामागे खाजवलं. मी वाचत राहिले. जोगळेकरसाहेबांचा हात कॉलरमध्ये गेला. पांढऱ्या कोटाने आधी दंड खाजवला, मग मान, मग जरा वळून पाठ खुर्चीला घासली. डॉक्टर सबनीससुद्धा खाजवत होते, हे मी कधी विसरणार नाही.

मी रजिस्टर मिटलं. "पॅकिंगमध्ये एकही ऊ नाही. मी आत्ता खोटं बोलले."

चौघांचे हात होते तिथेच थांबले.

"तुम्ही चौघंही खाजवत होता. खाज खरी होती की सोंग होतं?"

जोगळेकरसाहेब तांबडे झाले. "हा चावटपणा आहे!"

"मला तेवढंच विचारायचंय, साहेब. आपण शिकलेले, खुर्चीत बसलेले, वरून पंखा. मी दोन मिनिटं उवांचं बोलले तर आपलं अंग माझं ऐकायला लागलं. त्या बायका दिवसभर टाचण्या टोचतात. त्यांच्या समोर त्यांची बरोबरीण दातखीळ बसून पडली. त्यांच्या अंगाने ऐकलं, तर ते सोंग कसं? सोंग म्हणून लिहून हवं असेल तर आधी आपल्या चौघांच्या खाजेचं लिहा, मग मी सही करते."

डॉक्टर सबनीस रुमालाने तोंड पुसत हसू लपवत होते. तेल लावलेले गृहस्थ मोठे सज्जन निघाले. ते म्हणाले, "जोगळेकर, कागद राहू द्या." तिघींच्या नोकऱ्या राहिल्या. पुढे दोन वर्षं साहेब माझ्याशी कामापुरतंसुद्धा नीट बोलले नाहीत आणि माझी प्रत्येक रजा अडवली. अडवू देत. ते उवांचं भाषण आजही करायची वेळ आली तर मी करीन.

इथे थांबले असते तर गोष्ट झकास होती. आमचे राणे ती इथेच थांबवून सांगायचे. मला थांबता येत नाही.

लीला. तेवीस-चोवीस वर्षांची, बारीक, गालांवर कायम लाली. बायका तिला चिडवत, "हिला बघ, जशी आत्ताच लग्न होऊन आल्येय." ती पहिल्यांदा पडली ती अकरा जणींच्या दिवशी. रजिस्टरात तिच्या नावापुढे माझ्या अक्षरात लिहिलंय : 'तेच.' त्या गर्दीत डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली नाही. मीही लावा म्हटलं नाही. बाक फिरवल्यावर सगळ्या थांबल्या आणि ती थांबली नाही, तेव्हा माझ्या डोक्यात प्रश्न यायला हवा होता. आला नाही. मी उत्तर तयार करून बसले होते. ऑफिसात चार पुरुषांना गप्प केलेलं उत्तर. ते पारूला लागू होतं, म्हणून लीलालाही लागू असणार.

उवांच्या शुक्रवारनंतर ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "सिस्टर, ती तुमची सुई परत द्या ना. त्या दिवशी फार बरं वाटलं होतं."

मी दिली. पाण्याची. तिला बरं वाटलं. दर आठ दिवसांनी येई. खाटेवर बसून हात पुढे करी, सुई शिरताना डोळे मिटून घेई आणि मग एक मोठा श्वास सोडून म्हणे, "आता कसं मोकळं वाटलं." सकाळी जिना चढून वर गेली की खात्याच्या दारात थांबून दम खायची, ते मी बघत होते. "अगं, जरा खात जा," असं म्हणत होते. दोन महिने असं चाललं.

एका शुक्रवारी ती जिन्यातच कोसळली. सुदैवाने म्हणू की दुर्दैवाने, डॉक्टर खाली होते. त्यांनी नळी लावली आणि त्यांचा चेहरा बदलला. बराच वेळ ऐकत राहिले. मग मला म्हणाले, "गाडी मागवा." लहानपणी तिचे सांधे सुजून ताप येऊन गेला होता. त्यात हृदयाची झडप आवळत गेली होती. गालांवरची लाली त्याचीच होती. हॉस्पिटलात चौथ्या दिवशी ती गेली.

दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या पाण्याच्या कुप्या एकेक फोडून मोरीत ओतल्या. डॉक्टर आले, बघत राहिले. "बाई, असा त्रास करून घेऊ नका. कळलं असतं तरी फार काही आपल्या हातात नव्हतं."

"विश्रांती होती. जिना बंद करता आला असता. खालच्या मजल्यावर काम देता आलं असतं."

"तिला दोन महिने बरं वाटलं. तेही काही कमी नाही."

"तिला बरं वाटलं म्हणूनच ती दुसरीकडे गेली नाही, डॉक्टर."

डॉक्टर चांगला माणूस होता. पण त्या दिवसानंतर कुणालाही पाणी टोचायला मी साफ नकार दिला. पुढे दुसऱ्या नोकरीत, तिसऱ्या नोकरीतही दिला. "पेशंटचं समाधान होतं, द्या ना," असं मोठमोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, रागावले, वर तक्रारी केल्या. आधी तपासा, मग काय ते खरं सांगा, समाधान मी हात धरून देते, असं मी म्हणायची. विश्वास टाकणं माणसाच्या हाडामांसात आहे, हे मला कळलंय. म्हणून तर टाकलेल्या विश्वासाचं काय करायचं हे आपल्याला वाटेल तसं ठरवता येत नाही.

तेरावं झाल्यावर मी लीलाच्या घरी गेले. कारखान्यापासून दहा मिनिटांवर एका चाळीत खोली. तिचा नवरा वसंता शेजारच्या रंगाच्या कारखान्यात होता. नखांत हिरवा रंग. मला बघून तो उठला, लीलाच्या सासूने सतरंजी टाकली.

"सिस्टर आल्यात," तो आईला म्हणाला. मग मला सांगायला लागला, "आई म्हणत होती, डोंगरापलीकडे एक बुवा आहे, त्याचा अंगारा आणू. मी म्हटलं, अजिबात नाही. लीलाला सिस्टर इंजेक्शन देतायत. शास्त्राचं औषध चाललंय. आमच्याकडून काही कमी केलं नाही हो आम्ही."

मी तिथून तशीच उठू शकले असते. त्या घराला तेवढाच एक आधार होता आणि तो मी दिलेला होता. येताना मी काय सांगायचं ते दहादा घोकलं होतं.

"वसंतराव," मी म्हटलं, "त्या इंजेक्शनात औषध नव्हतं. पाणी होतं."

त्याला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. का दिलं तेही सांगितलं. पारू, भोवळी, बाक, सगळं. झडप आधी तपासायला हवी होती आणि तपासली नाही, हे सांगितलं. त्याची आई मध्येच म्हणाली, "पाणी होतं तर तिला बरं कसं वाटायचं?" मी म्हटलं, "तिचा माझ्यावर विश्वास होता म्हणून." म्हातारी पदराने तोंड झाकून रडायला लागली.

वसंता बराच वेळ नखांतला रंग काढत बसला. मग माझ्याकडे बघून, आवाज न चढवता, त्याने विचारलं,

"मग अंगाऱ्यात आणि तुमच्यात फरक काय?"

चार पुरुषांना मी उत्तर दिलं होतं. या एकापुढे ते चालणार नव्हतं. शेवटी जे होतं ते बोलले. "मी सांगायला आले. एवढाच."

त्याने मान हलवली. "उशिरा आलात," म्हणाला आणि आईला पाणी आणायला उठला.

मी उठले, चपला घातल्या. कशाला सांगितलंस, त्याला सुखाने राहू द्यायचं होतंस, असं मला पुढे पारू म्हणाली, डॉक्टर म्हणाले, माझी सख्खी बहीण म्हणाली. म्हणू देत. त्याचा तेवढा हक्क होता. आज वसंता कुठे असेल मला माहीत नाही. पण उद्या त्याचं दार पुन्हा समोर आलं तर मी ते पुन्हा वाजवीन.